फडक्यात गुंडाळलेलं यंत्र

सोलापूर,
३ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप बाबांस,
नीलिमाचा शि. सा. न. वि. वि.

यांच्याबरोबर पाठवलेलं कानाचं यंत्र मिळालं ना? डबी खिशात ठेवा, वायर सदऱ्याच्या आतून घ्या. कानातलं बोंड वायरीपासून काढून कोमट पाण्याने धुवा. घाम लागू देऊ नका, झोपताना सेल काढून ठेवा. महागाची वस्तू आहे, जपून वापरा. इतकी वर्षं कंपनीच्या प्रेसचा दणदणाट ऐकलात, आता थोडं आमचंही ऐका!

चेष्टा राहू दे. आईला ब्लडप्रेशरने चक्कर येते. तिची हाक तुम्हाला ऐकू यावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

माया आहेच, ती पत्रातूनही कळवत जा.
तुमची नीलिमा

कासारवाडी,
२० फेब्रुवारी १९७९

चि. सौ. नीलूस अ. उ. आ.

यंत्र झकास आहे. पहिल्या दिवशी फोडणीतली मोहरी तडतडली, तर मला वाटलं यंत्रच बिघडलं. तुझी आई हसली, तेही ऐकलं.

काळजी नको. कंपनीत काम झालं की मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवायचो, तीच शिस्त इथे. घरात आम्ही दोघंच असलो की यंत्र मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात. कोणी आलं की काढतो. तुझी आई कुरकुरते, पण ती कशावर कुरकुरत नाही? मे महिन्यात तू आलीस की नवाकोरा सेल घालून तुझ्यासमोर बसेन.

जावईबापूंना नमस्कार. आम्हां म्हाताऱ्यांची आठवण ठेव.
बाबा

कासारवाडी,
२ एप्रिल १९७९

चि. सौ. नीलूस आशीर्वाद.

तू तेराव्यापर्यंत इथे होतीस, पण तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. आई न्हाणीघरात पडली आणि तत्काळ गेली, असं मी सांगितलं. ते खोटं आहे. ती बराच वेळ हाका मारत होती. मी बाहेर ओट्यावर पेपर वाचत होतो. यंत्र कपाटात होतं.

शेजारच्या दुर्गाबाईंना भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. पण माझ्यापायी ‘अहो, अहो’ असं ओरडणं तिचं रोजचंच, म्हणून त्या उठल्या नाहीत. मग तिने माझं नाव घेतलं. चौतीस वर्षांत उखाण्याबाहेर तिने ते कधी उच्चारलं नव्हतं. ते ऐकून काहीतरी भलतंच झालंय हे दुर्गाबाईंना कळलं. त्या मला ओलांडून आत धावल्या, तेव्हा मी पेपर खाली ठेवला. कडी तोडेपर्यंत सगळं संपलं होतं.

तुझा दोष नाही. तू सांगितलंस तसंच मी यंत्र जपलं. आता ते उठल्यापासून कानात असतं. दिवसभर न्हाणीघरातला नळ ऐकू येतो.

दुर्गाबाईंना मी दोनदा विचारलं, तिने हाक कशी मारली म्हणून. त्या म्हणाल्या, नुसतं सोपान.

जमलं तर माझ्यावरची माया तोडू नकोस.
तुझा बाप,
सोपान