एकेचाळीस विरुद्ध एकतीस

३ मार्च
परवा हिचं घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. म्हणून नातीसाठी हिच्याकडून अडतीस गोष्टी वाचून घेतल्या, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केल्या. मागे पंख्याची घरघर आलीये. करू साफ. कॉम्प्युटर मी कुणाच्या क्लासात शिकलेलो नाही, स्वतः शिकलोय.

६ मार्च
ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. पाटीवर पहिलं वाक्य : "गोष्टींची कॉपी काढली का?" म्हटलं, आधी साफ, मग कॉपी. न धुता कपड्याची घडी घालतात का?

१८ मार्च
ही घरी आली. आवाज साफ करायचा प्रोग्राम फुकट मिळाला. उतरवताच अँटिव्हायरस लालेलाल. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, हात लावू नका, डिलीट करा." तरुणांना धीर नाही. राखणीचं कुत्रं पाहुण्यावरही भुंकतं.

१९ मार्च
रीतसर चौकशी केली. प्रोग्राम देणाऱ्यालाच ईमेल. ज्याचं दुकान, त्यालाच मालाची माहिती. दोन मिनिटांत उत्तर : "खोटा इशारा आहे सर. अँटिव्हायरसकडे लक्ष देऊ नका." लेकीने घ्यावा धडा, दोन दोन दिवस उत्तर देत नाही.

२० मार्च
लेकीच्या हट्टाखातर फाइल एका साइटवर टाकली. तिथे बहात्तर अँटिव्हायरस एकदम तपासतात. एकेचाळीस म्हणाले घातक. लेक किंचाळली, "एकेचाळीस, बाबा!" आणि एकतीस जणांना काही दिसलं नाही, त्याचं काय? याहून कमी मतांत मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो.

२१ मार्च, दुपारी ४
फाइल अँटिव्हायरसच्या 'दुर्लक्ष करा' यादीत टाकली. लाल गेलं. म्हणजे धोका नव्हताच. सिद्ध!

४.१०
प्रोग्राम उघडला. काही दिसत नाही. आतून काम चालू असणार. हिने पुन्हा पाटी दाखवली : "कॉपी?" मन राखायला पेनड्राइव्ह लावला, कॉपी काढली.

४.४०
सगळ्या फाइलींच्या नावांना शेपट्या फुटल्यात. साफ झाल्याची खूण असावी.

५.१५
स्क्रीनवर इंग्रजीत चिठ्ठी. सगळं कुलूपबंद, किल्ली त्यांच्याकडे. दुकानदाराला ईमेल केली. आज उत्तर नाही. कामात असेल.

२२ मार्च
लेक सकाळीच आली, कॉम्प्युटरपुढे बसून होती. अडतीसच्या अडतीस गेल्या. पेनड्राइव्हवरच्याही. तिने पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात ठेवला.

हिने सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश लिहिलं : "अहो, माझ्या आवाजात एवढं काय खराब होतं?"

पाटी माझ्या मांडीवर ठेवली, खडू पुढे केला. मला बोलता येतं. तरी घेतला.