मेढ्याचं मशीन तेल सोडत नाही

कुंडल, सोमवार सकाळ

रा. रा. हंबीरराव पाव्हणे यांना नाथाजीचा सप्रेम रामराम. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात सगळे म्हणजे मी एकटाच आहे, आणि ठीक नाही. माझी बायको, म्हणजे तुमची बनूआक्का, शुक्रवारच्या एसटीनं मेढ्याला तुमच्याकडे पोचली असेलच. तिचे गुडघे कसे आहेत ते कळवा. (मी विचारलं असं सांगू नका.) तुम्ही चार दिवस माझा फोन उचलत नाही, म्हणून पलटणीतून सुटल्यापासून आज पहिल्यांदा पत्र लिहायला बसलोय. तिला न्यायला मी येणार नाही हे आधीच स्पष्ट करतो.

कारण भांडणाचं मूळ तुम्ही आहात. भाद्रपदात तुम्ही मोठ्या मानानं मला लाकडं कापायचं ते चेनचं मशीन दिलंत. मी ते वापरलं नाही, जपलं. खंडेनवमीला तेवढं बाहेर काढलं. हत्यार उघडून साफ केल्याशिवाय त्याची पूजा करायची नाही ही पलटणीची शिस्त, त्यामुळे झाकण, चेन, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, सगळं सुटं करून पुसलं, पाटावर मांडलं आणि यथासांग पूजा करून परत जोडून ठेवलं. (मी बारा वर्षं शस्त्रागार सांभाळलंय. एक स्क्रू उरला नाही.) मग गेल्या गुरुवारी उसाच्या वाटेवर वाळकी बाभळ आडवी झाली. कारखान्याची गाडी आठवड्यात येणार, म्हणून मशीन चालू केलं. दोन फांद्या कापल्या आणि चेनमधून धूर. पट्टी तापून निळी पडली. टाकी बघतो तर तेल भरल्या जागी तसंच. चेनवर थेंब नाही.

सोबतच्या पुस्तकात लिहिलंय की मशीन कागदासमोर धरून फिरवावं, कागदावर तेलाची रेघ उठली पाहिजे. मी पेपर धरला. रेघ सोडा, पेपरच चेनमध्ये गेला. तेलाचा स्क्रू सैल केला, आवळला, टाकीतली जाळी धुतली. शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या तेल दाट असेल, म्हणून ते ओतून देऊन बनूच्या डब्यातलं शेंगतेल भरलं. ते चेनवर यायचं सोडून तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं आणि आळीभर भज्यांचा वास सुटला. दोघं जण ताटली घेऊनच आले. तिथं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यासमोर मी तुम्हाला काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही, आक्कानं सांगितलं असेलच. भंगार हा त्यातला सगळ्यात बरा शब्द.

बनू एवढंच म्हणाली, "आवं, आदी पट्टी उगडून बगा, मग माज्या भावाला बोला." मी म्हणालो, मी उघडून साफ केलेल्या हत्यारात मला काय बघायला सांगतेस? त्यावर तिनं पिशवी भरली. तीस वर्षांच्या संसारात बाईनं मशीनवरून घर सोडावं, याला मी काय म्हणू? तुमचं मशीन परत घेऊन जा. रागाचा शेवट इथे करतो, हात दुखला.

आपला,
नाथाजी (निवृत्त हवालदार)

ता. क. पत्र चिकटवायचं राहिलं म्हणून लिहितो. दुपारी मशीन पलूसला शिवतेज फिटरकडे नेलं. त्यानं झाकण काढलं, पट्टी सोडवली, तिच्या बुडाशी तेल यायचं बारीक भोक असतं त्यात पिन घातली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, ह्यात तर तांदूळ हाय की. कुकवाचा." अक्षतेचा एक दाणा भोकात पाचरीसारखा बसला होता, वर हळदीकुंकू वाळून सिमेंट झालेलं. आमच्या घरात खंडेनवमीची पूजा मीच करतो हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा पुढं विचारू नका. मशीन आता झकास तेल सोडतं. वरची पानं मात्र फाडणार नाही, मेहनत झाली आहे. शिवाय तांदूळ मेढ्याचाच, तुम्हीच पाठवलेला, तेव्हा निम्मा दोष तुमच्याकडे राहतोच.

दुसरी ता. क. तो दाणा सोबत पुडीत घालून पाठवतोय. हरवू नका, तुमच्या आक्काच्या हातात द्या. तोंडानं बोलावणं मला आयुष्यात जमलं नाही, हे तिला माहीत आहे. तिला सांगा, दाजींनी अक्षत पाठवली आहे, आणि अक्षत आली की यायचं असतं. बाभळ मी उद्याच कापतो.