दहा इंची पट्टी आणि पहिला घाव

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)

तीर्थस्वरूप बाबाजीदादा यांना धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे दत्तारामचा, वाकून नमस्कार. वहिनींनाही नमस्कार. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात सुचेता माझ्याशी कामापुरतं बोलतेय आणि मी कोपरापर्यंत ऑइलने माखलोय. तुमचा खांदा कसा आहे? हात डोक्याच्या वर जातो का? (वहिनी फोनवर म्हणाल्या की सदऱ्याची बाहीसुद्धा त्याच घालून देतात. तुम्ही म्हणता, बरं आहे. मी वहिनींवर विश्वास ठेवतो.)

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि भावकीच्या ग्रुपवर महिपत बसलेला असतो. शिवाय त्याचा भाचा विठू इथे पेणकरपाड्यात राहतो. त्याने काढलेला एक व्हिडिओ तुमच्यापर्यंत येईल, एव्हाना आलाही असेल. तो खरा आहे, पण अर्धा आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडून ऐका.

होळीसाठी तोडायच्या शेवरीच्या झाडावर पहिला घाव आपल्या घराचा. आजोबांनी घातला, मोठ्या काकांनी घातला, त्यांच्यानंतर तुम्ही. आता तुमचा खांदा आखडला, तर महिपत म्हणतो की यंदा घाव मी घालतो, माझ्याकडे पेट्रोलचं मशीन आहे. आणि तुम्ही वाडीच्या बैठकीत हे ऐकून गप्प बसलात! दादा, मान एकदा सोडला की सुटला. पुढच्या वर्षी परत मागायला गेलात तर लोक चहा पाजतील आणि वाटेला लावतील. म्हणून मी इथूनच सांगतो, घाव महिपतला मिळणार नाही. मला कुऱ्हाड पेलत नाही हे सगळ्या वाडीला माहीत आहे, ते मी नाकारत नाही. पण लाकूड कापायला आता कुऱ्हाडच लागते असं थोडंच आहे? बॅटरीवर चालणारं एक छोटं मशीन मी विकत घेतलं आणि हौसेने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला.

पुढे निघालेली लांबट पट्टी, तिच्या कडेने फिरणारी दातेरी चेन, असं ते मशीन. पट्टी आठ इंची. महिपतने फोटोखाली लिहिलं, "दत्तू, ह्याने भेंडी चिरतोस काय?" त्यावर अर्ध्या भावकीने हसरे चेहरे टाकले. (एक तुमच्याही नंबरवरून आला. तो चुकून दाबला गेला असं मी धरून चालतो.)

माझं डोकंच फिरलं. तसाच चपला घालून स्टेशनाकडच्या हार्डवेअरवाल्या शेठकडे गेलो आणि सोळा इंची पट्टी आणि चेन मागितली. शेठने विचारलं, "साहेब, चेन का पिच कितना?" आता दुकानात चार माणसं उभी असताना मला माहीत नाही असं कोण म्हणेल? मी म्हटलं, "बडावाला दे दो." त्याने बडावाला दिला. घरी येऊन बसवायला घेतलं तर चेन मशीनच्या चाकावर बसेचना. चाकाचे दाते बारीक, चेनचे सांधे लांब. हाताने फिरवलं की टकटक करत वरून उडी मारायची. बरं, जुनी चेन नव्या पट्टीवर चढवावी, तर ती लग्नातल्या सदऱ्यासारखी, कितीही ओढली तरी पुरेना. नवी चेन जुन्या पट्टीवर घातली तर खाली लोंबायला लागली. दिवाणखान्यातल्या चादरीवर तेलाचे डाग पडले ते वेगळेच.

सुचेता हे सगळं भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "साडी सोबत न नेता मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस आणायला जातं का कोणी? मशीन घेऊन जायचं होतंत." (बायकोचं म्हणणं बरोबर असतं तेव्हा ती फार हळू बोलते. त्याचाच जास्त राग येतो.) दुसऱ्या दिवशी मशीन, जुनी पट्टी, जुनी चेन असं सगळं वऱ्हाड पिशवीत घालून परत गेलो, आणि दादा, तिथे मी जे शिकलो ते महिपतला जन्मात कळायचं नाही. चेनवरच्या लागोपाठ तीन रिव्हेटा धरायच्या, पहिलीपासून तिसरीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. तो पिच. माझा निघाला पाव इंच. शेठने दिलेली चेन त्याच्या दीडपट. मशीनचं चाक, चेन आणि पट्टीच्या टोकाची फिरकी, तिघांचा पिच एकच पाहिजे, नाहीतर एकत्र नांदणार नाहीत. चेनचे आतले दाते पट्टीच्या खाचेत घट्ट नको, डुगडुगायलाही नको. आणि पट्टी किती लांब, ते मशीनची ताकद ठरवते, महिपत नाही. माझ्या मशीनला दहा इंचापर्यंत झेपतं. म्हणून दहा इंची पट्टी घेतली आणि तिच्याच मापाची पाव इंच पिचची चेन. पत्रिकाच जुळली म्हणा ना.

नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय आपल्याकडे वापरत नाहीत. सुचेताने मशीनची साग्रसंगीत पूजा मांडली. पण चेनचे दात नेमके देवाकडे रोखलेले दिसत होते, ते मला काही बरं वाटेना. म्हणून मी चेन काढली आणि दातांची पाठ देवाकडे येईल अशी फिरवून बसवली. हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला, पेढे वाटले, आणि त्या गडबडीत चेन परत सुलटी करायची राहून गेली.

मग सोसायटीच्या मागच्या बाजूला प्रात्यक्षिक ठेवलं. त्यासाठी उत्तनहून पडलेल्या माडाचा ओंडका टेम्पोने आणवला होता. विठूला मीच आवर्जून बोलावलं (म्हटलं, मामाला कळू दे). मशीन सुरू केलं. आवाज झकास, धूर झकास, भुसा मात्र चिमूटभरसुद्धा नाही. विठू म्हणाला, "काका, कापताय की इस्त्री करताय?" बघणारे सगळे हसले. व्हिडिओ इथे संपतो. त्यानंतर मी सगळ्यांसमोर मशीन उघडलं, तेलात कालवलेलं हळदकुंकू सुचेताच्या केसांच्या पिनेने खाचेतून कोरून काढलं, चेन सुलटी केली आणि ओंडका कापला. ते विठूने टिपलं नाही. त्याच्या मोबाइलचं चार्जिंग नेमकं तेव्हाच संपलं म्हणे!

हसू देत. ज्याला हसायचं त्याने पोटभर हसावं. कुऱ्हाडीच्या जागी महिपतचं पेट्रोल देवाला चालतं, तर माझी बॅटरी का चालू नये? मी होळीच्या आदल्या दिवशी मशीन घेऊन येतोय, आणि घाव आपल्याच घराचा होणार. वाडीत कोणाला सांगायचं असेल तर खुशाल सांगा.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, महिपतला काही नाही.

तुमचा,
दत्ताराम

ता. क. शेवर निवडायला यंदा तुम्हीच जा आणि जरा सडपातळ बघा. मांडीएवढी पुरे. मशीनला चेन जुळवली, चेनला पट्टी जुळवली, आता पट्टीला झाड जुळवायचं तेवढं राहिलंय.

ता. क. २. सुचेता म्हणते, खरं लिहा. ओंडका पूर्ण नाही, निम्म्याच्या थोडा पुढे कापला गेला आणि बॅटरी उतरली. पण मान पहिल्या घावाचा असतो. पुढचं कापायला अख्खी वाडी आहे.

ता. क. ३. शेठ सोळा इंची पट्टीचं मोठं मशीन माझ्या गळ्यात मारत होता. मी ते उचलून बघितलं आणि परत ठेवलं. आखडलेल्या खांद्याच्या माणसाला ते धरता आलं नसतं. आपलं हे भाजीच्या पिशवीएवढं हलकं आहे, पुढची मूठ मी घट्ट धरणार आहे, आणि बटण कमरेजवळ येतं, एका बोटाने दाबलं जातं. ते बोट तुमचं. तुम्ही समोर उभे असताना मी घाव घालीन, असं तुम्हाला वाटलंच कसं? तेव्हा दादा, बैठकीत आता गप्प बसू नका.