खालच्या फळीवरची किल्ली

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, व्यवसाय बालशाळेची शिक्षिका, आज पूर्ण शुद्धीवर असून माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले. मी म्हटले. त्यांचा मुलगा माझ्या शाळेत चौथ्या वर्षापर्यंत सुलटेही म्हणत नव्हता, आणि आज चांगला शहाणासुरता माणूस आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली.

हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपणाखाली काढलेले अक्षर मला दुरून ओळखता येते. कागद तपासायला आलेले वकीलसाहेब या क्षणी बुटक्या स्टुलावर बसले असून त्यांचे गुडघे कानांशी आले आहेत. या खोलीत मोठ्या माणसाच्या मापाचे काहीही नाही, हे त्यांना फोनवर सांगितले होते.

कलम १. दुमजली घर माझे व माझ्या दिवंगत यजमानांचे स्वकष्टाचे आहे. त्यातील वरचा मजला भांड्याकुंड्यांसह माझ्या एकुलत्या एक मुलीस द्यावा. यात वाद नाही, अट नाही.

कलम २. बँकेतील ठेव मदतनीसबाईस द्यावी. ती बावीस वर्षांपूर्वी फरशी पुसायला आली. तिसऱ्या दिवशी एक मुलगी बुटाचे बंद बांधत बसली होती, अर्धा तास. मी मदतीला उठणार, तोच ही फडके हातात घेऊन म्हणाली, "बाई, राहू दे की. जमतंय तिचं." मी बसले. बंद बांधला गेला. त्या दिवसापासून फरशी आम्ही दोघी मिळून पुसतो आणि मुलांकडेही दोघी पाहतो. तिच्याकडे पदवी नाही म्हणून कोणी नाक मुरडले, तर त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ३. माझा पुतण्या गेली सहा वर्षे या जागेवर इमारत उठवण्याचे नकाशे घेऊन येतो आणि शाळेला तळघरात जागा देतो म्हणतो. त्यास लाकडी ठोकळ्यांचा जुना संच द्यावा. एक तुकडा कमी आहे. त्यावर त्याने वाटतील तेवढे मजले चढवावेत.

कलम ४. पहिल्या वर्षी तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांचा शेरा मी चौकटीत बसवून ठेवला आहे : "मुले खेळताना आढळली. शिक्षिका नुसती बसलेली आढळली." ही चौकट त्यांच्याकडे परत पाठवावी. शेरा शब्दशः खरा आहे, माझी तक्रार नाही. पुढे त्यांनी आपली नात याच शाळेत घातली आणि तिला सोडायला येताना रोज कोपऱ्यावरच थांबत. मला पाहून त्यांनी छत्री आड धरायची काही गरज नव्हती.

कलम ५. काचेचे पेले शाळेतच राहावेत. दर वर्षी कोणीतरी आई म्हणते, "बाई, काच? प्लॅस्टिकचे द्या ना!" देऊ नयेत. फुटणारी वस्तू हातात आली की मूल आपोआप जपून चालते. अडतीस वर्षांत जे पेले फुटले, त्यांतले निम्मे मी आणि सुताराने फोडले.

कलम ६. सुतारास माझी मोजपट्टी. पहिली खुर्ची करताना "माप चुकलंय बाई तुमचं, ही तर बाहुलीची होईल," म्हणत त्याने आपल्या मनाने उंची वाढवली होती. मी त्याला खोलीभर गुडघ्यांवर चालायला लावले. खिडकी, नळ, खुंट्या, सगळे त्याने खालून पाहिले आणि कपाळाला हात लावला. मग न सांगता खुर्चीचे पाय कापले, फळ्या दीड फुटांवर उतरवल्या. खरे तर शाळा त्या दिवशी सुरू झाली.

<s>कलम ७. खालची मोठी खोली व शाळा माझ्या मुलीस मिळेल. परंतु तिने आधी तीन महिने रोज सकाळी येथे बुटक्या स्टुलावर, एक शब्द न बोलता, मुलांकडे पाहत बसावे, रोज एक पान टिपण लिहावे, आणि मदतनीसबाईने पसंती दिल्यावरच ताबा घ्यावा.</s>

वरील कलम ७ मी स्वतः खोडले आहे. ते वाचता येईल असे खोडले आहे, कारण चूक दिसली पाहिजे. बाजूला माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

कारण लिहिते. माझी मुलगी एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिथे तीन वर्षांच्या मुलांची प्रवेशाला मुलाखत होते, बाकांच्या रांगा आहेत, चौथ्या वर्षी शुद्धलेखन आहे. यावरून आमचे दोघींचे वीस वर्षे वाजते. तिला एकदा तरी इथे बसवायचे, म्हणजे तिला कळेल, असे मला वाटले, आणि मी मोठ्या ऐटीत हे कलम लिहिले. मदतनीसबाईला वाचून दाखवले. ती पेले धूत होती. नळ बंद करून म्हणाली, "बाई, हे तर हात धरून गिरवणंच झालं."

आमच्या शाळेत मुलाचा हात धरून गिरवत नाहीत. वस्तू हातात देत नाहीत, "घे" म्हणत नाहीत. ती खालच्या फळीवर, हात पोचेल अशी ठेवायची आणि आपण बाजूला बसायचे. मूल येईल तेव्हा येईल. हा नियम मी एकदाच मोडला. शाळेचे पहिले वर्ष होते, पालक सहाच. मुलगी सव्वाचार वर्षांची. "बाईंच्या स्वतःच्या पोरीला अक्षर येत नाही," असे बाहेर बोलले जाऊ लागले आणि मी घाबरले. दुपारी शाळा सुटली की दार लावून तिचा हात माझ्या मुठीत धरून महिनाभर गिरवून घेतले. ती रडली तरी सोडले नाही. तिचे अक्षर सुंदर झाले. सहाचे अकरा पालक झाले.

मी प्रत्येक मुलाची निरीक्षण-वही ठेवते. आज काय उचलले, किती वेळ रमले, कशावर चिडले. तिची वही त्या महिन्यात थांबते. तेव्हा पाहायला मी होते कुठे? मी तर गिरवत होते. मागच्या वर्षी भांडणात ती म्हणाली, "आई, तू सगळ्यांच्या पोरांसाठी थांबलीस. माझ्यासाठी नाही थांबलीस." मी चुकले, आणि त्याचे मला फार वाईट वाटते, एवढे मात्र येथे कायद्याच्या कागदावर लिहून ठेवते.

कलम ७ (नवे). खालच्या खोलीची किल्ली मी दारापासच्या खालच्या फळीवर, डावीकडे ठेवली आहे. तिच्याशेजारी मुलीची वही आहे. माझ्या पश्चात एक वर्षाच्या आत मुलीने ती किल्ली आपल्या हाताने उचलून नेली, तर खोली व शाळा तिची. तिने तिथे बाकांच्या रांगा लावल्या तरी चालतील. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, पण लिहिले. तिने किल्ली नेली नाही, तर खोली व शाळा मदतनीसबाईची. वर्षभर शाळा दुसऱ्या किल्लीने चालू राहील. कोणीही मुलीस किल्ली हातात देऊ नये, आठवण करू नये, समजावू नये.

वकीलसाहेबांचे म्हणणे पडले की "खालची फळी" कायद्यात बसत नाही. मी म्हटले, तुम्ही स्टुलावर बसलात, तीही बसेल. अंमलबजावणीची जबाबदारी त्यांचीच आहे.

ठिकाण : राहत्या घरातील खालची मोठी खोली
दिनांक : ११ नोव्हेंबर, शनिवार, मुलांना सुट्टी
सही : बाई

आमच्यासमक्ष बाईंनी सही केली, आम्ही बाईंसमक्ष केली :
१. सुतार (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही)

पुरवणी, दिनांक २० नोव्हेंबर

काल मुलगी आली होती. तिला या कागदातले काही माहीत नाही. चपला काढताना तिला फळीवर किल्ली दिसली. "ही इथे कशाला?" तिने विचारले. "ठेवली आहे," मी म्हटले. ती वाकली, मग खाली बसलीच. वही उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचली, पुढची कोरी पानेही एकेक उलटली. किल्ली उचलून हातात फिरवली. घड्याळात वीस मिनिटे गेली. मी माझ्या स्टुलावरून उठले नाही, बोलले नाही. अडतीस वर्षांत इतके अवघड बसणे मला कधी पडले नव्हते.

मग तिने पदराने किल्ली पुसली आणि होती तिथे, डावीकडे, दाते भिंतीकडे करून, परत ठेवली. वस्तू पाहून झाली की जागच्या जागी ठेवायची, हे तिला मी हात धरून शिकवले नव्हते.

आज सकाळी शाळा उघडण्याआधी तिच्या वहीत अडतीस वर्षांनी एक नोंद केली : "वीस मिनिटे रमली."

मृत्युपत्रात बदल नाही.

सही : बाई
साक्षीदार : सुतार (सही), डॉक्टरीणबाई (सही)