घास न घेणारा मासा

आई,

आज मासा परत देऊन आलो. मासा म्हटलं की तुला कालवण आठवणार, पण हा खायचा नव्हे, नुसता बघायचा. बोटाएवढा. निळ्या अंगावर केशरी वळणं, कुणी बोरू बुडवून मन लावून नुसत्या वेलांट्या काढत बसावं आणि अक्षर लिहायचं विसरूनच जावं, तशी. मँडरिन म्हणतात त्याला. निवृत्तीनंतर मी डोंबिवलीच्या घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली आहे. बादलीत मीठ कालवून समुद्र तयार करतो. तुझी सून म्हणते, "या घरात भाजीत मीठ कमी आणि बादलीत जास्त." टाकीत आधीच दोन चपळ मासे होते, तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण खोपटला एसटी डेपोजवळच्या दुकानात हा दिसला आणि मी काचेपाशी उभाच राहिलो. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "काका, ह्याला नका नेऊ. दिसायला राजा आहे, पण तुम्ही टाकाल ते खाणार नाही. दगडावरचे बारीक जिवंत किडे दिवसभर टिपत बसतो." मी म्हटलं, "लहानपणी मीही जेवायला असाच छळायचो, तरी वाढलोच ना?" तो हसला. मला ते हसणं म्हणजे होकार वाटला.

टाकीत सोडल्यावर तो दगडादगडावरून बसत उठत फिरायचा. बाकीचे दोघे खाणं पडलं की झडप घालायचे, हा मात्र मान वळवून दुसरीकडे बघायचा. मग मी त्याच्यासाठी खटाटोप सुरू केला. सरबताची बाटली उलटी टांगून तिच्यात खाऱ्या पाण्यात कोळंबीच्या जातीची बारीक अंडी उबवली, आणि ती पिल्लं काचेच्या नळीत ओढून त्याच्या अगदी तोंडाशी सोडायला लागलो. स्वयंपाकघरात ती बाटली, तिचा तो वास. तुझ्या सुनेनं नाकाला पदर लावला, पण बाटली फेकली नाही. नळी धरून मी वाकून उभा असायचो. एकदा नकळत तोंडातून शाळेतल्या कवितेची ओळ निघाली. ती मागून म्हणाली, "त्याला काय कळणार आहे कविता? मला कळते. मला कधी म्हणून दाखवलीत?"

तिला काय सांगू? तुला ठाऊक आहे. ठाकुर्लीच्या त्या एका खोलीत तू स्टोव्हपाशी बसलेली आहेस, मी तुझ्यासमोर पाटावर, शाळेची घंटा होईल म्हणून एक डोळा दाराकडे. पाठ झालेल्या कवितेची एक ओळ म्हणायची, मग वरणभाताचा एक घास. ओळ अडली की घास हातात थांबायचा. तू दुसरीपर्यंत शिकलेली, पण ऐकून ऐकून माझ्या सगळ्या कविता तुला माझ्याआधी पाठ व्हायच्या, आणि अडलो की भात कालवता कालवता तूच पुढचा शब्द सोडायचीस. लांब कविता असली की पोट भरायचं. चारच ओळींची असली की म्हणायचीस, "मेला कवी आळशी दिसतोय. चल, परत पहिल्यापासून म्हण." पुढे आयुष्यभर लोकांनी मला विचारलं की कवितेची गोडी कशी लागली. मी काहीतरी भारदस्त उत्तर द्यायचो. खरं उत्तर वरणभाताचं होतं.

मँडरिन मात्र बधला नाही. नळीतून सुटलेली पिल्लं त्याच्या तोंडावरून वाहून जायची आणि मागे टपलेले दोघे ती गिळायचे. एखादं टिपल्यासारखं करायचा आणि लगेच थुंकायचा. हळूहळू त्याचं पोट आत गेलं, डोक्यामागे खळगा दिसायला लागला. रंग तसाच झगझगीत, आत मात्र मासा संपत चाललेला. मी दुकानदाराला फोनवर फोटो पाठवले. त्याचा फोन आला, "काका, टाकी एवढी चकाचक कशी हो?" मी अभिमानानं सांगितलं की दर आठवड्याला सगळे दगड बाहेर काढून ब्रशनं घासतो. तो म्हणाला, "तुम्ही देवघरातली भांडी घासता तसं त्याचं ताट घासून ठेवलंत. त्या शेवाळातच तर त्याचं जेवण होतं." आता पुन्हा शेवाळ धरायला, त्यात जीव व्हायला कित्येक महिने लागणार. तेवढा वेळ माशाकडे नव्हता. "माझ्याकडे जुनी टाकी आहे," तो म्हणाला, "विकायची नाही, माझ्या हौसेची. तिथे जगेल बहुतेक. आणा."

मी दोन दिवस टाळलं. अजून एकदा बघू, उद्या खाईल, असं करत राहिलो. शेवटी तुझी सूनच म्हणाली, "घेऊन जा हो. घरात एक जीव उपाशी आहे, माझ्या घशाखाली घास उतरत नाही." प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात तो, पिशवी माझ्या मांडीवर. शीळफाट्याला बस अडकली, तेव्हा शेजारची बाई वाकून म्हणाली, "अय्या, किती गोड! नातवासाठी का?" मी हो म्हटलं.

दुकानामागच्या त्या टाकीतले दगड काळपट, मखमली शेवाळानं माखलेले. दुकानदारानं पिशवी हळूच कलंडवली. मासा खाली गेला, एका दगडावर टेकला, मान वाकवली आणि टिपायला लागला. एक टिपलं, दुसरं टिपलं, मग थांबेचना. "बघा काका, बघा, खातोय!" दुकानदारानं माझ्या पाठीवर थाप मारली. मीही "वा, वा" म्हटलं. आणि आतून काहीतरी खचलं. इतकं सोपं होतं त्याला. मी बाजूला झाल्याबरोबर.

परतताना सारखी तूच आठवत होतीस. शेवटच्या दिवसांत तू जेवण सोडलंस, तेव्हा पेजेचा चमचा घेऊन मी तुझ्या उशाशी बसायचो आणि आपल्या जुन्या रीतीनं ओळी म्हणायचो. तुझे ओठ हलायचे, पण चमच्यासाठी नाही. "घास नको रे," म्हणालीस, "तू नुसतं म्हण." मी म्हणत राहिलो, चमचाही धरून राहिलो. मग तुझा दहावा, कल्याणच्या खाडीकाठी. शेजारच्या लोकांच्या पिंडाला कावळा शिवेना. ते हात जोडून गेलेल्या माणसाला एकेक वचन देत होते, धाकटीचं लग्न करू, घर विकणार नाही, आणि कावळा नुसता फांदीवर. मीही मनात वचनं जुळवून उभा होतो. तुझा जीव कुठे अडकला असेल, तर माझ्यातच अडकला असेल, अशी खात्री होती मला. आपला पिंड मांडला आणि भटजी मागे सरतात न सरतात तोच कावळा उतरला, शिवला, गेला. सगळ्यांनी हात जोडले. "भाग्यवान बाई," कुणीतरी म्हणालं, "काही म्हणता काही मागे राहिलं नाही."

हे पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्नच नाही. तुझी सून चहाला हाक मारते आहे, उठलो की फाडून टाकीन. म्हणून लिहितो. तू सुटलीस, हे चांगलंच झालं. पण त्या दिवशी सगळे हात जोडून उभे होते, तेव्हा मी तुझ्यावर रागावलो होतो, आई. अजून थोडा आहे.