जिलबी वाढणारा हात

१० फेब्रु. २००३
जयसिंगपूरच्या काकू दुकानात आल्या. दोन वर्षांमागं त्यांच्या लेकीचं लग्न मीच शूट केलं होतं. गुरुजी, म्हणजे काकूंचे मालक, डिसेंबरात गेले. पंगतीत जिलबी वाढतानाचे गुरुजी काकूंना आवाजासकट हवेत. लग्नाच्या कॅसेटमध्ये मी तिथं गाणं टाकलं होतं. लोक कॅमेऱ्याशी बोलायला लागले की टाकतोच. मूळ टेप पुसली नव्हती, नशीब माझं.

१२ फेब्रु.
टेप काँप्युटरवर उतरवली. आधी नुसतं चित्र बघायचं म्हणून स्पीकर बंदच ठेवला. दुपारी काकूंना दाखवली. डिस्कवरून चित्र अडखळत येतंय, काकूंना द्यायच्या कॅसेटवरही तसंच उतरणार. गुरुजींचा हात थरथरल्यासारखा दिसतोय. शेवटच्या वर्षात तो खरंच थरथरायचा म्हणे.
काकू म्हणाल्या, "लग्नात हात चांगला हुता की वो. तुमच्या मशिनीनं परत थरथराया लावला."
चहा सांगितला, त्यांनी घेतला नाही.

१३ फेब्रु.
शेजारच्या सायबर कॅफेवाल्या सलीमला सांगितलं. म्हणाला, "क्लिप आधी मेमरीत चढीव, मग तिथनं चालीव. डिस्कच्या नादालाच लागू नगंस." पण माझ्या मशीनला मेमरी कुठाय? त्यानं स्वतःची दोन मशीनं बंद केली, आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "तोंड काय बघतोस? लाव की."
रोज या माणसाशी पार्किंगवरून भांडतो मी. लाज वाटली, बरंही वाटलं.

१४ फेब्रु.
सगळी पंगत मावेना. चाळीस सेकंदं मावली. काकू, मी, सलीम, तिघंही स्क्रीनसमोर. बटण दाबलं.
गुरुजी ताठ हातानं जिलबी वाढत गेले. "घ्या की पावणं, लग्न काय रोज असतंय व्हय?" एकाच्या पानात नको नको म्हणताना दोन. काकू हसल्या, मग पदर डोळ्याला. पाच वेळा चालवलं, एकदाही अडखळलं नाही. देवाचे आणि सलीमचे उपकार.
शेवटी गुरुजी कॅमेऱ्याकडं वळतात. मला विचारतात, "तुम्ही जेवलासा का न्हाई?" तिथं चाळीस सेकंदं संपतात.
काकूंनी विचारलं, "मग, जेवला हुतासा का?"
व्हय म्हणालो. खरं तर आठवत नाही. त्या गडबडीत मी त्यांना काय उत्तर दिलं, नीट बोललो की हातानंच बाजूला व्हा म्हणालो, ते पुढच्या तुकड्यात आहे. काकूंना तोही हवाय. अजून चढवला नाही.