कँटोन्मेंटातली मांजरीची उडी

प्रिय अहो,

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. ठीक कसलं, माझे पाय जमिनीवर नाहीत! फोनवरच सांगणार होते, पण तुमच्या त्या सीमेवरच्या पोस्टवरून फोन लागतो तेव्हा ‘जेवलीस का, पोरगी बरी आहे का’ एवढं होईतो आवाज जातो. म्हणून लिहायला बसले. निवांत वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा इतकी बिघडली की शाळेनं मुलांचं मैदानावरचं खेळणं बंद केलं. तुमची लेक घरात पलंगावरून उड्या मारायला लागली. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा येऊन सांगितलं. तेवढ्यात मेजरसाहेबांच्या घरच्या कृतिका मॅडमनी वेल्फेअर हॉलमध्ये मुलींसाठी बॅलेचा वर्ग सुरू केला. बॅले म्हणजे तो परदेशी नाच, चवड्यांवर तोलून करतात तो. मॅडम मराठीच, पण जन्म दिल्लीतला, त्यामुळे ‘चलो मुलींनो, आता पाठ बिल्कुल सरळ’ असं त्यांचं बोलणं. मी आपली अनुष्काला सोडायला जायची आणि गारठ्यात परत कुठं जा म्हणून मागं खुर्ची टाकून बसायची.

बसून बसून सगळं डोक्यात शिरलं बघा. पहिली पोझिशन म्हणजे टाचा जुळवायच्या आणि पंजे बाहेर उघडायचे. तुमच्या सावधानसारखंच, फक्त पंजे अजून फाकलेले, आणि ते फाकवायचे गुडघ्यातून नाही, खुब्यातून. त्यातच पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवले की प्लिए. एक पाय जमीन न सोडता सरकवत नेला आणि शेवटी फक्त बोटं टेकलेली राहिली की तांद्यू. टाचा उचलून चवड्यांवर आलं की रलेव्हे. नावं फ्रेंच आहेत, मला उच्चार जमत नाहीत, अनुष्का हसते. पण पायांना कुठं फ्रेंच कळावं लागतं? मी भाकरी भाजता भाजता ओट्याला धरून करायला लागले.

मध्ये गावाहून आई आठवडाभर आल्या होत्या, तेव्हा त्यांनी पकडलं मला. मी चवड्यांवर, हाताला पीठ. “पाय दुखतोय का गं?” म्हणून विचारलं. लाजत लाजत खरं ते सांगितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. तर आई उठल्या, ओट्याला धरून स्वतः टाचा उचलल्या आणि म्हणाल्या, “आगं, शिंकाळ्यातलं लोणी काढताना हेच तर करत हुते मी जन्मभर. ह्याला फी भरत्यात व्हय?” दोघी इतक्या हसलो की भाकरी करपली. मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर एवढ्या मोठ्यांदा हसले असेन.

आणि मग मॅडम पायरीवरून घसरल्या. घोट्याला प्लास्टर. कुबडी घेऊन हॉलमध्ये आल्या आणि मुलींना म्हणाल्या, “सॉरी बच्चों, वर्ग आता बंद ठेवावा लागेल. करून कोण दाखवणार?” मुलींचे चेहरे पडले. तर आपली अनुष्का पुढं होऊन म्हणते, “मॅडम, मेरी मम्मी को सब आता है, वो किचन में रोज़ करती है!” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, “या ना पुढे. मी खुर्चीवरून सांगते, तुम्ही करून दाखवा.”

पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि उभी राहिले. खुब्यातून फिरवा, खांदे खाली, हनुवटी वर, मॅडम सांगत गेल्या, मी चुकत गेले, मुली माझ्यामागून करत गेल्या. वर्ग बंद पडला नाही! पुढच्या आठवड्यात ‘पा द शा’ आली, म्हणजे मांजरीची उडी. आधी एक गुडघा वर, हवेत असतानाच दुसरा, आणि खाली येताना आवाज होता कामा नये. पायात मोजे होते, घसरले आणि सगळ्या पोरींसमोर धपकन बसले. आधी मीच हसले, मग हॉल हसला. मोजे काढून परत केलं. नाही जमलं. परत. आणि मागच्या बुधवारी, अहो, मी हवेत होते! खरंच, क्षणभर वर थांबल्यासारखं वाटलं, आणि उतरले ते प्लिएमध्ये, पायाचा आवाजच नाही. शाळेत खो-खो खेळायचे तेव्हाही इतकं हलकं वाटलं नव्हतं. मॅडम खुर्चीतून पुढं झुकल्या. मग म्हणाल्या, “परत करा.” केलं. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, “स्वप्नाली, माझ्याकडे नीट शिका, सुरुवातीपासून. वर्षभरात अगदी लहान मुलींचा वर्ग तुम्ही घ्यायचा.” मी घरी येताना अनुष्काचा हात धरून अक्षरशः पळत आले.

आता खरं कशासाठी लिहिलं ते. मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की अनुष्काची परीक्षा झाली की सामान बांधा, क्वार्टर सोडून गावी जा. मी ‘बरं’ म्हणाले. आवाज जात होता म्हणून नाही, सवयीनं म्हणाले. ते ‘बरं’ मी परत घेते. फील्डवरच्या जवानांच्या घरच्यांना इथं राहता येतं, मी चौकशी केली आहे. तुम्ही तुमच्या साहेबांशी बोला. आईंना मी कालच फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, “त्याला लिही, भिऊ नगंस.” लग्न झाल्यापासून तुमची बदली होईल तिथं मी ट्रंका घेऊन आले, आणि आनंदानं आले. या वेळी मी थांबते. सुट्टी मिळाली की तुम्ही या.

उत्तराची वाट बघणारी, पण या वेळी जागची न हलणारी,
तुमचीच
स्वप्नाली